तिसऱ्या दिवशी थांबलेले

टेस्ट-ट्यूब बेबीच्या त्या दवाखान्यात सगळे तिला दाई म्हणायचे. बाळंतपण तिनं एकही केलं नव्हतं, पण आईच्या पोटात जाण्याआधीचे पाच दिवस गर्भ तिच्या ताब्यात असत, म्हणून हे नाव पडलं. एकोणीस वर्षं ती त्या प्रयोगशाळेत होती. अत्तर नाही, पावडर नाही, वासाचा साबणसुद्धा नाही, कारण कसलाही वास गर्भांना बाधतो. "माझी बायको म्हणजे बिनवासाचं फूल," असं नवरा चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या गुरुवारी एका शाळामास्तरणीची अंडी काढली. वय एकोणचाळीस, तिसरी खेप. शुक्रवारी दाईनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर सात अंडी फळली होती. प्रत्येकात दोन बारीक गोळे, एक आईचा, एक बापाचा. शनिवारी प्रत्येक गर्भात एका पेशीचे चार तुकडे झाले, चौघे सारखे, जणू मापून कापलेले. रविवारी आठ व्हायला हवे होते. पाचव्या दिवशी आत पोकळी धरते, मग गर्भ पोटात सोडायचा. शनिवारी संध्याकाळी निघताना दाईनं मास्तरणीला फोनवर सांगितलंही, "सातही छान आहेत."

रविवारी सकाळी तिनं इन्क्युबेटर उघडला. ज्या थेंबांत गर्भ ठेवतात, ते नेहमीच्या फिक्या रंगाऐवजी भडक गुलाबी झाले होते. म्हणजे थेंबांचा आंबटपणा राखणारा कार्बन डायऑक्साइड गॅस संपलेला. राखीव सिलिंडरही रिकामा होता. तो भरून आणा म्हणून तिनं व्यवस्थापकाला तीनदा सांगितलं होतं. गॅस संपला की वाजणारा भोंगा मात्र तिनंच महिन्यापूर्वी बंद केला होता. "बाहेर बसलेले पेशंट घाबरतात, बंद कर ते," असं डॉक्टर म्हणाले आणि तिनं बटण दाबलं होतं.

सातही गर्भ चारावरच थांबले होते. एकदोघांच्या कडा काळवंडल्या होत्या.

डॉक्टरांनी नोंदवही स्वतःकडे घेतली. दुपारी मास्तरीण, तिचा नवरा आणि सासू समोर बसले. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "वयाचा प्रश्न असतो. अंडीच कमकुवत होती."

सासू मुलाकडे वळली. "मी काय म्हणत होते?"

नवरा बायकोकडे बघत राहिला. मास्तरणीनं दारापाशी उभ्या असलेल्या दाईला विचारलं, "काल तर तुम्ही छान म्हणाला होतात ना हो? एका रात्रीत माझं काय बिघडलं?"

दाई म्हणाली, "होतं असं कधीकधी."

एवढंच. मूग गिळून एकोणीस वर्षांची नोकरी वाचवली.

सात महिन्यांनी औषधाच्या दुकानात, मास्तरणीला दवाखान्यात सोडायला यायचा तो तिचा भाऊ भेटला. त्याच्याकडून कळलं की ती आता त्याच्याकडेच राहते. सासरच्यांनी तिला वांझ म्हणून घराबाहेर काढलं होतं. दाईला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती त्या घरी गेली आणि वह्या तपासत बसलेल्या मास्तरणीला उभ्यानंच सगळं सांगितलं. गॅस, सिलिंडर, भोंगा, बटण.

मास्तरणीनं लाल पेनाला टोपण लावलं. "हे सांगून हलकं कुणाला व्हायचंय? मला की तुम्हाला?"

मग मास्तरणीनं एका वहीचं पान फाडून पुढं केलं.

"मग लिहून द्या. सहीसकट."

दाईनं तिथंच, त्या पानावर लिहून दिलं. बटण कुणी दाबलं तेही लिहिलं.

मास्तरणीनं त्याची प्रत जोडून आरोग्य खात्याकडे तक्रार केली आणि चौकशी बसली. डॉक्टर म्हणाले, भोंगा बंद करायला मी सांगितलंच नाही, आणि तोंडी हुकमाला पुरावा कुठून आणायचा? व्यवस्थापकानं सिलिंडरची मागणी आलीच नाही म्हणून हात वर केले. राहिली ती दाईच्या स्वतःच्या हातची कबुली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर ती काही संन्यासी नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. नोकरी गेली. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. "गेलीस कशाला शहाणपणा करायला?" नवरा म्हणाला, आणि मग कितीतरी दिवस तेवढंच म्हणत राहिला.

आता ती एका तपासणी केंद्रात रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

मास्तरणीचा एकदाच फोन आला. तो कागद घेऊन ती नवऱ्याकडे गेली होती.

"वाचला त्यानं. मग म्हणाला, 'म्हणजे आता परत यायचंय का तुला?'"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. मोठ्यानं वाच, तुझ्या आईला ऐकू जाऊ दे."

"वाचलं?"

"नाही. टीव्हीचा आवाज वाढवला."

मग मास्तरीण म्हणाली, "तुम्हाला माफ केलंय असं समजू नका हं," आणि तिनं फोन ठेवला.