मुलींना घरी सोडणारे सर

दुर्गाघाटच्या आमच्या मुलींना खो-खो शिकवणारे सर कुणाच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. संध्याकाळी सराव संपला की गल्ल्यांतून एकेकीला दारापर्यंत सोडायचे आणि लगेच पुढच्या दाराकडे वळायचे. त्यांच्याच भरवशावर आम्ही मुलींना खेळायला पाठवत होतो.

सर साठीला आले, गुडघे थकले. निरोपाच्या दिवशी शाल देऊन झाली, तशा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आता पोरींना घरी कोण आणणार? आमचीचा खेळ उद्यापासून बंद."

सरांना भाषण कधीच जमलं नाही. "वहिनी, जरा रुका," म्हणाले आणि मुलींवर खेकसले, "तमाशा काय बघताय? निघा घरी!" स्वतः खुर्चीतच बसून राहिले.

मुली निघाल्या, आम्ही आया मागोमाग. धाकट्यांना मोठ्या मुलींनी आपसूक मध्ये घेतलं. गल्लीत सांड आडवा बसला होता. माझी मुलगी आणि आणखी एक मोठी त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि बाकीच्यांना त्यांनी भिंतीकडून पुढे काढलं. कुणी किंचाळलं नाही, कुणी पळालं नाही. मला सरांचा अभिमान वाटला.

वहिनींची मुलगी घरात शिरली. वहिनी दारातच थांबून माझ्या मुलीला म्हणाल्या, "उद्या हिला न्यायला कधी येशील गं?"