आईच्या अंगावरचा शर्ट

परदेशात हिंडत काम करणं म्हणजे काय, असं गावाकडे मला अजून विचारतात. दर महिन्याला नवं शहर, भाड्याची खोली आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चोरासारखी फोडणी. जगभरच्या शेतकऱ्यांच्या फोटोंचं एक फिरतं प्रदर्शन होतं, त्यात मी नोकरीला होते. खोकी उघडायची, फोटो टांगायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं आणि सगळं गुंडाळून पुढची गाडी पकडायची. फोडणीच्या वासावरून घरमालकिणींशी खटके उडत, पण कामाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. वडनेर भोलजीची पोरगी युरोपभर हिंडते, म्हणून आई गल्लीत मिरवायची.

तिसऱ्या शहरात नव्या फोटोंचं खोकं आलं. वरचा कागद काढला तर आत आई. पऱ्हाटीत उभी, कमरेला कापसानं फुगलेलं फडकं, भुवयांपर्यंत बांधलेला रुमाल आणि लुगड्यावर बाबांचा जुना चौकड्यांचा शर्ट. मी हसलेच. बोंडअळीच्या वर्षी एक फोटोवाला दुभाषा घेऊन वावरात आला होता, हे आईनं फोनवर सांगितलं होतं. मग फोटोखालची ओळ वाचली : 'मृत पतीचा शर्ट घालून कापूस वेचणारी विधवा.'

तळपायाची आग मस्तकात गेली. माझे बाबा त्या घडीला ओसरीवर बसून, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत असतील, आणि इकडे यांनी त्यांना मारून भिंतीवर टांगायची तयारी केलेली. आमच्याकडे वेचणीला जाणारी बाई लुगड्यावर पुरुषाचा जुना शर्ट चढवतेच. वाळल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात, फवारलेलं औषध अंगाला लागतं, म्हणून लांब बाह्या. नवऱ्याचा, भावाचा, पोराचा, मिळेल तो शर्ट. एक प्रश्न विचारला असता तरी कळलं असतं. पण वऱ्हाडातला कापूस म्हटलं की नवरा मेलेलाच असणार, हे त्या गृहस्थानं विमानात बसण्याआधीच ठरवलं असावं. तशा बाया आमच्या तालुक्यात नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांचं दुःख खरं आहे, म्हणूनच ते असं दिसेल त्या बाईच्या गळ्यात बांधायचं नसतं.

मी प्रदर्शनाच्या प्रमुख बाईंकडे गेले. म्हटलं, "ही माझी आई आहे आणि माझे वडील जिवंत आहेत."

"अरे वा, हे ऐकून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण हा फोटो आधी जिथे लागला होता, तिथे लोक याच ओळीपाशी थांबायचे. काही जण रडलेसुद्धा."

म्हणजे माझ्या बापासाठी परकी माणसं रडून मोकळी झाली होती आणि बापाला त्याचा पत्ताच नव्हता. मी निक्षून सांगितलं, ही ओळ राहिली तर फोटोला मी हात लावणार नाही. "मग तूच नवी लिही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आईला फोन केला. त्या ओळीबद्दल बोलायचा धीर झाला नाही, फक्त फोटो इथे आलाय एवढंच सांगितलं. ती हरखली.

"लुगडं कोनतं हाये वं माह्या अंगावर?"

"हिरवं."

"बरं झालं. अन् म्या त्याले सांगतलं थे लिह्यलं का? बीटीले अळी लागत नाई म्हून थे बियानं घेतलं, अन् अळीनंच बोंडं पोखरली. फवारून फवारून थकलो आमी."

"लिहिते," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर तिनं ती बातमी साऱ्या गल्लीत सांगितली असणार.

मी तिचंच बोलणं नीट मांडून लिहिलं आणि शेवटी जोडलं की ही बाई आणि तिचा नवरा अळीतून उरलेला कापूस वेचत आहेत. प्रमुख बाईंनी ते दोनदा वाचलं. "खरं असेल," त्या म्हणाल्या, "पण यात मनाला भिडण्यासारखं काही नाही."

प्रदर्शन उघडायच्या सकाळी आईच्या खिळ्यावर कुठल्याशा तळ्याचा फोटो होता. मी सरळ भांडले. नवरा जिवंत असला तर पीक जात नाही का, असं सगळ्यांदेखत विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या भावना समजतात म्हणाल्या. मला त्या हाताचा संताप आला. भावनांचं कोण बोलत होतं? मी अळीबद्दल बोलत होते.

दुपारी आईचाच फोन आला.

"लागला का फोटू?"

"नाही. काढला."

"काऊन?"

मग मात्र मी सगळं सांगितलं. शर्टाचं, त्या ओळीचं, नव्या ओळीचं. 'काय म्हनते पोरगी?' असं बाबा मागून दोनदा विचारत होते.

"म्हंजे," शेवटी ती म्हणाली, "पीक गेलं हे दाखवाले मी रांडव पाह्यजे होती का वं त्याईले?"

"हो," मी म्हटलं.