खाणीवर जाणाऱ्याचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या दिराला भरलेला सिलिंडर कधी दारापासून ओट्यापर्यंत आणवला नाही. खारी गावातलं आमचं घर दीड खोलीचं, म्हणजे अंतर ते किती! पण हाटकेशमधला कारखाना बंद पडला, तिथलं टेम्पो चालवायचं काम गेलं आणि हा गडी गोव्याला लोखंडाच्या खाणीवर डंपर चालवायला निघाला. घरातले पुरुष असे फुगले, जणू लोखंड यांनीच पुरून ठेवलं होतं. सासूबाई शेजारच्या गुजराती बेनना ऐकवू लागल्या, "हमारा छोटा मायनिंग में लग गया!"

धाकट्या जावेला तेव्हा सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण, त्या वेळी नवरा घरी असावा, एवढंच तिचं मागणं. पुरुष म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

निघायच्या सकाळी चुलतसासरे नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्या रत्नागिरीकडची ही रीत. थोरल्याने देवाकडे एकेक मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काकांनी सुखाचा प्रवास मागितला, साहेबाची मर्जी मागितली, डंपरचे ब्रेकसुद्धा सोडले नाहीत. मग म्हणाले, "आनि ह्येला मागं घराची काळजी नसू दे, म्हाराजा!"

पुरुष गरजले. आम्ही तिघी गप्प. काका अडले.

तेवढ्यात जाऊच बोलली, "बाळ होईल तेव्हा ह्यांना घरी आण, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि सासूबाई अशा ओरडलो की बेन दारात आल्या. मला फार बरं वाटलं.

मुलगी झाली तेव्हा दीर खाणीवरच. माल बंदरात पोचवायचा होता म्हणे, रजा मिळाली नाही. जाऊ कळा सोसत माझा हात आवळत होती आणि मला अख्ख्या घराचा राग येत होता. काकांनी निकाल दिला, "बायकांचं गाऱ्हाणं देवापातूर जात न्हाय."

गणपतीत दीर आला. त्याने घेतलं की पोरगी भोकाड पसरायची. तो परत निघाला तेव्हा काका पुन्हा नारळ घेऊन उभे. जाऊ लेकीला कडेवर घेऊन पुढे आली.

"काका, तो नारळ द्या इकडे. चटणीला खोबरं नाहीये."

काकांनी नारळ दिला. सासूबाईंनी खवणी पुढे ओढली.

"आणि गाऱ्हाणं?" दीर चपला घालता घालता म्हणाला.

"घरातलेच ऐकत नाहीत," जाऊ म्हणाली, "देवाला कशाला त्रास?"