यंत्राला लावलेली तीट

माझ्या मुलीने सहा महिने खपून केलेलं यंत्र बिघडवायला मला अर्धं मिनिट लागलं. त्यातही निम्मा वेळ काजळाची डबी शोधण्यात गेला.

पल्लवी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. भिवंडीत आमच्या मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचे, कारखाने आहेत. एक माणूस सहा-सहा लूम सांभाळतो आणि कुठे धागा तुटला ते धावत-धावत बघत फिरतो. तर हिने एक डबा केला. डबा लूमला लावायचा, धागा तुटला की डबा आपणहून फोन लावणार. कॉलेजात स्पर्धा होती. जो जिंकेल त्याला ठाण्याला दोन महिन्यांच्या शिबिरात जागा मिळणार होती. तिथे धंदा कसा उभा करायचा, यंत्र बाजारात कसं आणायचं, लोक त्यात पैसे कधी घालतात, सगळं शिकवतात. जागा एकच. पल्लवीला ती इतकी हवी होती की महिनाभर ती झोपेत सुद्धा "नमस्कार परीक्षक" म्हणायची.

मंचावर धागा तोडल्यावर फोन कोणाचा वाजणार, तर माझा. "आई, तू आमची पहिली गिऱ्हाईक. बोलायचं काही नाही. फोन वाजला की हात वर करून दाखवायचा. उचलायचा नाही."

"आणि कोणी काही विचारलं तर?"

"तुला कोण काय विचारणार?"

(हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. चार माणसांत मला कोणी नाव विचारलं तरी ते आठवायला वेळ लागतो.)

हे काल्हेरला गोडाऊनमध्ये कारकून आहेत. त्यांना सुट्टी मिळाली नाही. ड्युटीवर निघताना दारात थांबून म्हणाले, "तू फक्त बस. काही करू नकोस."

पण मी तोवर करून बसले होते.

माझं माहेर दिघाशीचं. तिथे विहिरीवर नवा पंप बसला तरी आधी त्याची दृष्ट काढतात. आणि इथे माझ्या पोरीचं यंत्र शंभर माणसांच्या नजरेखालून जाणार, तेही कोरंच! ती आंघोळीला गेली तेव्हा मी काजळ काढलं. बाळाला लावतो तशी तीट लावायची, पण दिसायला नको, नाहीतर ती ओरडणार. डब्याच्या कडेला मसुराएवढी काळी टिकली होती. काळ्यावर काळं कोणाला दिसतंय? चांगला जाड थर दिला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पोहे करायला गेले.

कॉलेजच्या हॉलमध्ये मी शेजारच्या शैलावहिनींना घेऊन गेले, कारण एकटीने मला खुर्चीवर बसायचीही लाज वाटते. परीक्षक दोघे. एक मुंबईचे साहेब, नव्या धंद्यांत पैसे घालणारे. दुसरे भिवंडीचेच लूमवाले शेठ.

पल्लवी छान बोलली. मग तिने ताणलेल्या धाग्याला कात्री लावली. "आता माझ्या आईचा फोन वाजेल."

मी फोन हातात धरून बसले. फोनही हातात गप्प बसला.

"वाजेलच," पल्लवी म्हणाली.

मागून कोणीतरी खोकलं. मी फोन हलवला, कानाला लावला, पदराने पुसला.

"तुझा फोनच मेलाय वाटतं," शैलावहिनी कुजबुजल्या. "थांब, मिस कॉल देऊन बघते."

आणि फोन वाजला. हॉलभर ऐकू जाईल असा. इतकी दचकले की हात आपोआप वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पल्लवीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. साहेब म्हणाले, "जरा उशिरा आला, पण आला."

मी खाली बघितलं. फोनवर नाव होतं शैलावहिनींचं.

"वहिनी, हा तर तुमचा फोन."

"मग गप बस ना. पोरीचं भलं होतंय."

तेवढ्यात शेठ म्हणाले, "बेटा, एक बार और दिखाओ. और ये देखता किधर से है?"

"ही काळी टिकली आहे ना, तोच याचा डोळा," पल्लवी म्हणाली. "धागा तुटला की हिच्यावर उजेड पडतो, मग यंत्राला कळतं."

मला सकाळची काजळाची डबी आठवली.

पल्लवीने नवा धागा बांधला, कात्री लावली. इकडे वहिनींनी अंगठा तयार ठेवला. मी त्यांचा हात धरायला गेले, त्या फोन सोडेनात, आणि त्या झटापटीत मी उभी राहिले. अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

"बोला ताई," साहेब म्हणाले.

बसून घ्यावं असं फार वाटलं. पण मंचावरून पोरगी बघत होती, आणि तिला जागा मिळायची तर ती वहिनींच्या अंगठ्यावर मिळायला नको होती.

"मघाचा फोन वहिनींचा होता," मी म्हणाले. "यंत्र आंधळं आहे. मीच केलंय. काजळ घालून."

हॉल हसून लोटपोट. मी वर जाऊन पदराने टिकली पुसायला घेतली, तर काजळ अख्ख्या डब्याला फासलं गेलं. शेवटी शेठनी आपला रुमाल दिला. टिकली स्वच्छ झाली, धागा तर कापलेलाच होता, आणि फोन वाजायला लागला. घाबरून मी तो उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"आई, यंत्र आहे ते," पल्लवी दात आवळून म्हणाली.

शेठ मात्र हसत नव्हते. "काजल छोडो बहन. माझ्या कारखान्यात तासाभरात इतकी कापसाची रुई उडते की माणसाचे डोळे भरतात. इसका क्या होगा?"

पल्लवीने डबा उलटसुलट करून बघितला. सहा महिन्यांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. "आज माहीत नाही सर," ती म्हणाली. "शिबिरात आधी तेच शोधीन."

संध्याकाळी निकाल लागला. जागा तिलाच मिळाली. साहेब म्हणाले, यंत्र अर्धं आहे, पण कुठे अर्धं आहे ते या एकट्या मुलीला कळलंय. पल्लवी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर जेवायला वाढ म्हणाली, तेव्हा मी सुटले.

आता शिबिरात त्यांना शिकवलंय की वस्तू गिऱ्हाईकाला देण्याआधी ती कशीही हाताळणाऱ्या माणसाकडे द्यावी. पल्लवीने तिथे सांगितलं, असा माणूस आमच्या घरातच आहे. मागच्या आठवड्यात तिने काचेचं झाकण लावलेला नवा डबा आणून ठेवला. मी दोन दिवस त्याच्या जवळून सुद्धा गेले नाही. तिसऱ्या दिवशी केर काढताना जरा उचलून बाजूला ठेवला, आणि तो बंदच पडला.

पल्लवी आल्या-आल्या मी कबूल केलं. ती ओरडेल म्हणून डोळे मिटून उभी होते. ती वही-पेन घेऊन धावत आली. "कसं केलंस? आई, पुन्हा करून दाखव."

तासभर उचलला, ठेवला, आपटला, झाडूने ढकलला. डबा ठणठणीत चालू. मुद्दाम बिघडवायला डोकं लागतं. माझ्या हातून ते नुसतं होतं.