लेकीच्या गालावरचे खड्डे

मैत्रिणींनो, आज लेकीला उदगीरहून लातूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मुरुमं गेली, पण गालांवर खड्डे राहिलेत. ती क्लासमध्येही स्कार्फ काढत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बारीक सुयांची ट्रीटमेंट आहे, लेझर आहे. खड्डे कमी होतील, पूर्ण जाणार नाहीत."

आधी काय लावलं, विचारल्यावर लेकीनं जुनी ट्यूब दाखवली.

"यात स्टेरॉइड आहे. यानंच जास्त बिघडलं. कुणी आणली?"

मेडिकलवरून मीच आणली होती. मी बोलायच्या आत लेक म्हणाली, "मीच आणली."

बाहेर आल्यावर विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"तुला लई बोलल्या असत्या, मम्मी."

घरी आलो तरी मला तिची माफी मागता आली नाही. तुम्ही कशी मागितली असती?