डॉक्टर सबनिसांच्या कपाटातला साचा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. डॉक्टर सबनिसांसारख्या माणसावर लिहिण्याइतकी माझी लायकी नाही, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण मला जे ठाऊक आहे ते दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यात, तेव्हा नव्यानंच निघालेल्या एका एसटीडी बूथच्या माडीवर त्यांचा दातांचा दवाखाना होता. बी.एस्सी.ला असताना माझा जबड्याचा सांधा फार दुखू लागला. घास घेताना कानापाशी कट्‌कन वाजे. "आव बेटा, बेस," ते म्हणाले आणि माझ्या कानांपुढे बोटं टेकवून डोळे मिटून ऐकत राहिले. "झोपेत दात आवळतोस. कुणावर एवढा राग?"

झोपताना दातांवर बसवायच्या दोन स्प्लिंट त्यांनी करून दिल्या. आधी रबरासारखी मऊ, मग काचेसारखी कडक. प्रत्येकाला ते दोन्ही देत, पण "कशी वाटते?" असं विचारत नसत. स्प्लिंट खिडकीतल्या उजेडात धरून तिच्यावरच्या खुणा पाहत. "तोंड भिडेखातर बरं आहे म्हणतं. दातांना भीड नसते."

मला कडक मानवली. "कुणाला मऊ, कुणाला कडक. आधी कळत नाही, हीच पंचाईत," ते म्हणाले.

ती पंचाईत त्यांच्या घरातलीच होती. त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, हेच दुखणं होतं. त्यांना डॉक्टरांनी फक्त मऊ दिली. त्या "बरं आहे" म्हणत राहिल्या आणि पुढे तापाचं निमित्त होऊन गेल्या. नंतर डॉक्टरांनी ती स्प्लिंट पाहिली. चावून तिची चाळण झाली होती.

काचेच्या कपाटात कुमुदताईंच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा होता, वरचा आणि खालचा, बिजागरीवर जोडलेला. दवाखाना बंद करताना डॉक्टर त्यावर नवी मऊ स्प्लिंट चढवत आणि कपाटाला कुलूप लावत. एका सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. स्प्लिंटवर दाढांचे खोल, ताजे ठसे होते.

"उंदीर असेल, डॉक्टर."

"कुलपात? आणि उंदराला माणसासारख्या दाढा असतात होय रे?" ते हसले. मला हसू आलं नाही. मी स्प्लिंट हातात घेतली. ती कोमट होती.

"तू सायन्सचा ना? तिला अजून दुखतंय का, एवढंच सांग."

"कडक देऊन पाहा," मी कसंबसं म्हणालो.

"धीर होत नाही. तीही चावली, तर माझ्याकडे तिसरं काही नाही."

पुढे मी नोकरीसाठी बडोदं सोडलं. काही वर्षांनी, बडोद्यातच समा भागात राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचा फोन आला.

"दादा गेला रे. महिना होत आला. तुला एक निरोप द्यायला सांगितला होता, माझ्याकडून राहूनच गेलं."

"काय म्हणाले?"

"धीर करून कडक दिली म्हणाला. रोज सकाळी कोरी निघते. एवढंच." मग त्यांनीच विचारलं, "कुणाला दिली रे?"