एक वाटी वरण

अन्ननलिकेचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या पोटात अन्न कमी आणि किस्से जास्त जमा होऊ लागलेत. अन्न परत येतं, किस्से मात्र टिकतात.

आधी एक सांगतो. राजापेठेत आमची चार मित्रांची वाढप्यांची टोळी आहे. ओळखीत लग्न असलं की पंगत आम्हीच वाढणार, तीही हौसेनं. त्यात आग्रहाचं काम माझ्याकडे. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर मी बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचो. तीस वर्षं हे पाप केलं.

डॉक्टरांनी अन्ननलिकेचा खराब भाग काढला, जठर वर ओढून जोडलं आणि बजावलं, "दिवसातून आठ वेळा, थोडं थोडं, सावकाश खा. वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर पोटाला पुन्हा जेवणाची नळी लावावी लागेल." त्या नळीची मला खरोखर भीती वाटते. महिनाभर ती घेऊन झोपलोय. तेव्हा काटा सत्तेचाळीसवर होता.

*

फोडणीचा वास आला की मला मळमळायचं. म्हणून बायको, सुनंदा, शेजारच्या काकूंच्या गॅसवर स्वयंपाक करू लागली. मग वास तिकडून येऊ लागला. काकूंनी आपला आणि आमचा असे दोन्ही स्वयंपाक पलीकडच्या घरी हलवले. असं करत करत आठवडाभरात गल्लीची सगळी फोडणी कोपऱ्यावरच्या ट्यूशनवाल्या सरांच्या घरी पोचली.

एक दिवस सर भेटायला आले. मला वाटलं, तक्रार करतील.

"भाऊ, बरं व्हायची घाई करू नोका," ते म्हणाले. "मले रोज चार घरच्या भाज्या भेटून राहिल्या."

*

अकोल्याहून माझे साळे, सुनंदाचे भाऊ, आले. डब्यात बेसनाच्या पाटोडीचा लालभडक रस्सा.

"मला तिखट चालत नाही," मी म्हटलं.

"हे कुठं तिखट आहे? घरचं आहे हे."

तिखट नाही हे दाखवायला त्यांनी आधी चमचाभर घेतला, मग वाटीभर. घाम फुटला, ठसका लागला. सुनंदानं घाईघाईनं त्यांना माझी मऊ खिचडी दिली. माझ्या आठ वाट्यांपैकी तीन त्यांनी संपवल्या.

जाताना म्हणाले, "भाऊजी, तुमच्या घरी पथ्याचं लय चांगलं भेटते."

*

वानखडे आमच्या टोळीतला. मला एकट्याला जेवण जात नाही म्हणून तो रोज चार वाजता सोबत द्यायला यायचा. मी दोन चमचे खायचो, तो दोन भाकरी. महिनाभरात माझा एक किलो घटला, त्याचे चार वाढले.

"म्हणजे घरात वजन वाढूनच राहिलं न," तो सुनंदाला म्हणाला.

सुनंदा हसली नाही. काटा सेहेचाळीसवर आला होता आणि तपासणी सोमवारी होती.

*

रविवारी चांदूर रेल्वेला वानखडेच्या पुतणीचं लग्न होतं. पंगतीत मी पहिल्यांदाच वाढायला नाही, जेवायला बसलो. फक्त वरण, एक वाटी.

आमच्या पंगतीचा नियम आहे. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. मी एक घोट घ्यायचो, थांबायचो, मळमळलं की डोळे मिटून बसायचो. बाकीच्यांची ताटं रिकामी झाली, हात वाळले. मागं दुसरी पंगत येऊन उभी राहिली. नवरदेवाचे मामा घड्याळ बघू लागले. लाजेनं मी अर्धी वाटी टाकून उठायला लागलो.

वानखडेनं माईक घेतला. "कोणीच उठायचं नाही. भाऊचं वरण चालू आहे."

दीडशे माणसं बसून राहिली. समोरची म्हातारी म्हणाली, "खा बाप्पा सावकाश. आमाले कुठं जायचं आहे?" मला रडूच आलं.

वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली. वरण पोटात टिकलं. लोक गुडघ्यावर हात टेकून उठायच्या तयारीत होते, तेवढ्यात वानखडे बादली घेऊन माझ्यापुढे आला. मी वाटीवर आडवा हात धरला. त्यानं आग्रह केला नाही, नुसता उभा राहिला.

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मला भूक लागली होती. मी हात बाजूला केला.

त्यानं पळीभर वाढलं, बादली तिथंच सोडली आणि माईककडे धावला.

"बसा रे सारे खाली. भाऊनं पुन्हा घेतलं!"